तीन हात, दोन पियानो: सिरिल स्मिथ आणि फिलिस सेलिक यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मुलांना पियानो शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी सायकलवरून पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. परीक्षा तोंडावर आलेली, पोर रडकुंडीला आलेली. तिला धीर द्यावा म्हणून मी तिला एका इंग्रज जोडप्याची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून ही गोष्ट माझ्याकडे सारखी मागितली जाते. मुलं विचारतात, पालक विचारतात, पेटी वाजवणारे स्नेही तर खोलात शिरून विचारतात. त्या सगळ्यांना मी वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सिरिल स्मिथ आणि फिलिस सेलिक हे होते कोण?

विसाव्या शतकातले दोन नामवंत इंग्रज पियानोवादक. दोघंही आधी स्वतंत्रपणे एकल वादन करत. १९३७ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि १९४१ पासून ते दोन पियानोंची जोडी म्हणून वाजवू लागले. १९५६ मध्ये सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर असताना स्मिथ यांना पक्षाघात झाला आणि त्यांचा डावा हात कायमचा गेला. त्यानंतर या दोघांनी तीन हातांनी वाजवायला सुरुवात केली आणि पुढची सतरा-अठरा वर्षं, स्मिथ यांच्या निधनापर्यंत, ते याच रूपात लोकांसमोर राहिले. तीन हातांसाठी संगीत जवळपास नव्हतंच. ते त्यांनी स्वतः तयार केलं आणि मोठमोठ्या संगीतकारांनी त्यांच्यासाठी नव्यानं लिहिलं.

पियानोची जोडी म्हणजे आपली जुगलबंदीच ना?

नाही. हा फरक आधी समजून घेतला तर पुढचं सगळं सोपं जाईल. जुगलबंदीत दोघं कलावंत एकमेकांना ऐकत, उत्तरं देत, त्या क्षणी संगीत घडवतात. पाश्चात्त्य पियानोच्या जोडीत प्रत्येक सूर आधी कागदावर लिहिलेला असतो. कोणी काय वाजवायचं हे संगीतकारानं ठरवलेलं असतं. वादकांच्या हातात असतं ते वजन, वेग, श्वास आणि दोघांनी मिळून एकच वाक्य बोलल्यासारखं ते ऐकू येणं.

तिथेही दोन प्रकार आहेत. एकाच पियानोवर शेजारी बसून चार हातांनी वाजवणं, हा मूळचा घरगुती प्रकार. घरात एकच वाद्य, दोन बहिणी, कोपराला कोपर लागतोय. पण त्यातही शुबर्टनं १८२८ मध्ये एफ मायनरमधली फँटसी लिहिली. चार हातांसाठी तिच्याहून खोल काही लिहिलं गेलंय असं मला वाटत नाही. दुसरा प्रकार दोन स्वतंत्र पियानोंचा. मोत्सार्टनं १७७९ च्या सुमारास स्वतःसाठी आणि आपल्या बहिणीसाठी, म्हणजे नानर्लसाठी, दोन पियानोंचा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाबरोबर वाजवायची मोठी रचना) लिहिला आणि १७८१ मध्ये दोन पियानोंचा डी मेजर सोनाटा (वाद्यवृंदाशिवाय वाजवायची, अनेक भागांची रचना). स्मिथ आणि सेलिक यांचं मुख्य काम या दुसऱ्या प्रकारातलं.

दोघांचं बालपण आणि शिक्षण कसं झालं?

स्मिथ यांचा जन्म ११ ऑगस्ट १९०९ चा, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या मिडल्सब्रोमधला. लोखंड-पोलादाच्या भट्ट्यांचं ते गाव. वडील गवंडीकामावरचे मुकादम. तिथून शिष्यवृत्ती मिळवून हा मुलगा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आला आणि हर्बर्ट फ्रायर यांच्याकडे शिकला. १९२८ मध्ये ‘डेली एक्स्प्रेस’ची पियानो स्पर्धा जिंकली. १९२९ मध्ये बर्मिंगहॅमला पहिला मोठा कार्यक्रम केला, तो ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो घेऊन. विशीतल्या मुलानं पदार्पणाला हा कॉन्चेर्टो निवडणं म्हणजे पहिल्याच मोहिमेला अवघडातला अवघड कडा गाठणं. पुढे रॅखमनिनॉव्हचे कॉन्चेर्टो ही त्यांची खास ओळख झाली.

सेलिक १६ जून १९११ च्या. लंडनलगतच्या इल्फर्ड भागात जन्मल्या. लहानपणी ऐकूनच वाजवायच्या. पाचव्या वर्षी शिकवणी सुरू झाली. नवव्या वर्षी ‘डेली मिरर’ची बाल-कलावंत स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून कथबर्ट व्हिटमोर यांच्याकडे शिकायला मिळालं. नंतर रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक, आणि मग पॅरिसला इसिडोर फिलिप यांच्याकडे. फिलिप यांच्याकडे शिकलेल्यांच्या बोटांत एक स्वच्छ, मोत्यासारखा सुटा सूर येतो. फ्रेंच संगीत सेलिक यांना इतकं सहज का यायचं, याचं उत्तर तिथे आहे.

लग्नानंतर लगेच जोडी का झाली नाही?

कारण दोघांचंही स्वतःचं बरं चाललं होतं. सेलिक यांनी १९३८ मध्ये मायकेल टिपेट यांचा पहिला पियानो सोनाटा पहिल्यांदा लोकांसमोर वाजवला. टिपेट तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नव्हते. अनोळखी संगीतकाराचं अवघड काम हाती घेऊन ते उभं करणं, हा सेलिक यांचा स्वभाव मला इथेच दिसतो आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत तो उपयोगी पडला. १९४१ मध्ये त्यांनी त्या सोनाट्याची ध्वनिमुद्रिकाही केली.

जोडी झाली ती युद्धाच्या धामधुमीत. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बफेकीत लंडनचं क्वीन्स हॉल जळून गेलं. हेन्री वुड यांचे ‘प्रॉम्स’ नावाचे उन्हाळी कार्यक्रम तोवर तिथे होत असत. त्या वर्षी ते रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हलवले गेले आणि त्याच प्रॉम्समध्ये हे दोघं पहिल्यांदा जोडी म्हणून बसले. युद्धाच्या काळात सैनिकांसाठी आणि परदेशातल्या श्रोत्यांसाठीही त्यांनी दौरे केले.

मंचावर दोन पियानो मांडतात कसे? एकमेकांचं ऐकू येतं का?

मोठा कॉन्सर्ट पियानो पावणेतीन मीटरच्या आसपास लांब असतो. असे दोन पियानो एकाच्या वळणदार कडेत दुसऱ्याची वळणदार कड बसेल असे ठेवतात. कुशीवर झोपलेली दोन भावंडं डोळ्यांसमोर आणा. एकाचं झाकण उघडं, दुसऱ्याचं काढूनच टाकलेलं, म्हणजे दोघांचा आवाज एकाच दिशेनं श्रोत्यांकडे जातो. वादक दोन टोकांना, समोरासमोर. मध्ये साधारण तीन मीटरचं अंतर, तारा आणि लाकूड.

ऐकू येतं, पण ऐकून वाजवायला गेलात तर उशीर झालेला असतो. पियानोचा सूर हातोडीच्या ठोक्यातून निघतो. व्हायोलिनसारखा हळूच सुरू करता येत नाही. दोन तबलजींची सम किंचित जरी मागेपुढे पडली तर लगेच कानाला लागतं ना, तसंच इथे प्रत्येक सुराला होतं. म्हणून जोडीतले वादक कानापेक्षा श्वासावर आणि नजरेवर विसंबतात. समोरच्याचे खांदे किती वर आले, श्वास कधी घेतला, मनगट कधी उचललं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की जोडीदाराचे हात बघू नका, हात फार उशिरा कळवतात. खांदे बघा.

१९५६ च्या आधी त्यांच्यासाठी कोणी काय लिहिलं?

राल्फ व्हॉन विल्यम्स यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. त्यांचा पियानो कॉन्चेर्टो १९३३ मध्ये हॅरिएट कोहेन यांनी पहिल्यांदा वाजवला होता, पण एका वादकाच्या मानानं तो फार जड आहे, अशी कुरकुर होती. मग जोसेफ कूपर यांच्या मदतीनं त्याचं दोन पियानोंसाठी रूपांतर झालं आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये स्मिथ आणि सेलिक यांनी ते लंडनला एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली सादर केलं. त्याच वर्षी व्हॉन विल्यम्स यांनी दोन पियानोंसाठी ‘इंट्रोडक्शन अँड फ्यूग’ लिहून या दोघांना अर्पण केलं. लेनॉक्स बर्कली यांचा दोन पियानोंचा कॉन्चेर्टोही १९४८ मध्ये यांनीच पहिल्यांदा वाजवला.

या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी लक्षात ठेवावीशी वाटते. एकाला न पेलणारा भार दोघांत वाटून घ्यायचा, हे काम ही जोडी १९४६ मध्येच शिकली होती. दहा वर्षांनी तेच काम त्यांना स्वतःसाठी करावं लागलं.

१९५६ मध्ये नेमकं काय झालं?

स्टॅलिन जाऊन तीन वर्षं झाली होती. ब्रिटिश संगीतकारांचं एक पथक सोव्हिएत युनियनला गेलं. पथकाचे प्रमुख संगीतकार आर्थर ब्लिस. सोबत व्हायोलिनवादक अल्फ्रेडो काम्पोली, ओबोवादक लेऑन गूसन्स, गायिका जेनिफर व्हिव्हियन आणि ही पियानोची जोडी. दौऱ्यातच, खार्किव्हमध्ये, स्मिथ यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि डावा हात लुळा पडला. ते तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते.

पियानोवादकासाठी सेहेचाळीस म्हणजे भर बहराचं वय. हातात वीस-पंचवीस वर्षांचा रियाज मुरलेला असतो आणि ताकद अजून ओसरलेली नसते. परक्या मुलुखात, भाषा येत नाही अशा ठिकाणी, सोबत बायको, आणि उद्या-परवाचे कार्यक्रम ठरलेले. याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल मला लिहवत नाही.

एका हातानं वाजवणारे पियानोवादक तर बरेच होते. स्मिथ यांनी त्यांचंच संगीत का नाही घेतलं?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. बहुतेक लेखांत याला बगल दिलेली असते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

एका हातासाठी पियानोचं संगीत भरपूर आहे, पण ते जवळजवळ सगळं डाव्या हातासाठी आहे. ऑस्ट्रियाचे पॉल विट्गेनश्टाइन यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. घराणं श्रीमंत, त्यामुळे त्यांनी मोठमोठ्या संगीतकारांकडून डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्टो त्यातलाच, १९३२ मध्ये व्हिएन्नाला पहिल्यांदा वाजला. त्याआधी ब्राम्सनं बाखची शाकॉन एकट्या डाव्या हातासाठी उतरवली होती आणि गोडोव्स्कीनं शोपँच्या एट्यूड्सची, म्हणजे सरावाच्या रचनांची, डाव्या हाताची रूपं लिहिली होती. पुढे लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकात निकामी झाला, तेव्हा या भांडारावर त्यांना कित्येक वर्षं वाजवता आलं.

स्मिथ यांचा गेला डावा. राहिला तो उजवा. आणि एकट्या उजव्या हातासाठी फारसं काही लिहिलेलंच नव्हतं.

असं का? पियानोसमोर बसल्याची कल्पना करा आणि दोन्ही हात टेबलावर ठेवा. डाव्या हाताचा अंगठा उजवीकडे, म्हणजे वरच्या सप्तकांच्या बाजूला येतो. चाल बहुतेक वेळा वरच असते. म्हणजे डाव्या हातात सगळ्यांत बलवान बोट चाल गातं आणि बाकीची चार बोटं खाली साथ धरतात. जणू त्या हाताची घडणच एकट्यानं वाजवण्यासाठी झालेली आहे. आता उजवा हात बघा. वरच्या बाजूला करंगळी. म्हणजे चाल गायची जबाबदारी सगळ्यांत अशक्त बोटावर, आणि अंगठा अडकतो मध्येच. खर्जाचे सूर घ्यायचे तर उजवा हात छातीसमोरून आडवा पार डावीकडे न्यावा लागतो, धड पिळतं, आणि तेवढ्यात वर चाल तुटते.

प्लास्टरवाल्या माझ्या विद्यार्थिनीला मी हे करून बघायला सांगितलं. तिनं उजव्या हातानं मिन्युएटची चाल धरली, खालचा एक सूर घ्यायला हात डावीकडे टाकला, पेडल दाबून तो सूर धरून ठेवला आणि परत वर उडी मारली. दोन ओळींत ती दमली. म्हणाली, “मॅडम, खालचं कोणीतरी वाजवा ना.”

तेच उत्तर होतं. उजव्या हाताला एकट्यानं जगता येत नाही, त्याला खाली कोणीतरी लागतं. डावा हात राहिला असता तर स्मिथ यांना विट्गेनश्टाइनच्या वाटेनं एकट्यानं जाता आलं असतं. उजवा राहिला म्हणून ती जोडी टिकली. मला तरी त्या दोघांच्या कारकिर्दीचा कणा इथेच दिसतो.

चार हातांचं संगीत तीन हातांत बसवतात तरी कसं?

एक सूर सोडून द्यायचा आणि भागवायचं, असं ते नसतं. तसं केलं तर श्रोत्याला भोक पडलेलं कळतं.

दोन पियानोंच्या संगीतात बऱ्याच गोष्टी दोनदा असतात. दोन्ही डावे हात एकच खर्ज वेगवेगळ्या सप्तकांत धरतात, दोघंही एकच सूरमेळ ठोकतात. अशा जागी एक हात काढला तरी नाद थोडा पातळ होतो, अर्थ जात नाही. खरी अडचण येते जिथे चौघा हातांना चार वेगवेगळी कामं असतात. फ्यूगसारख्या रचनेत चार आवाज चार वाटांनी चालतात, तिथे एकही सोडता येत नाही. मग स्मिथ यांच्या पियानोवरची डाव्या हाताची ओळ सेलिक यांच्याकडे जाते, पण त्यांचे दोन्ही हात आधीच गुंतलेले. म्हणून त्यांच्या उजव्या हातातलं काही समोर स्मिथ यांच्याकडे जातं. एका ओळीत असे चार-पाच सुटे सूर इकडून तिकडे होतात. मूळ रचना माहीत असलेल्या माणसालाही कळू नये इतक्या बेमालूमपणे. यात पेडलचा वाटा मोठा. ठोकून सोडलेला खर्ज पेडलनं तेवत ठेवायचा आणि हात मोकळा करून दुसरीकडे न्यायचा.

आणि हे सगळं करताना सेलिक यांना आपला जुना भाग विसरावा लागत होता. पंधरा वर्षं हातात बसलेली बोटं मोडून नवी बसवायची. वाजवणाऱ्याला विचारा, नवं शिकण्यापेक्षा हे कितीतरी कठीण असतं.

स्मिथ यांनी १९५८ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या नावातच तीन हातांचं युगुल आहे. आघातानंतर दोन वर्षांतलं पुस्तक ते. म्हणजे तोवर तीन हात ही त्यांची ओळख झाली होती.

खास तीन हातांसाठी लिहिलेल्या रचना कोणत्या?

तीन नावं ठळक आहेत आणि तिन्ही १९६८-६९ मधली.

आर्थर ब्लिस यांचा दोन पियानोंचा कॉन्चेर्टो मुळात १९२० च्या दशकातला. १९६८ मध्ये तो तीन हातांसाठी नव्यानं बांधला गेला. ब्लिस म्हणजे खार्किव्हच्या त्या दौऱ्याचे पथकप्रमुख. बारा वर्षांनी त्यांनीच आपली रचना या दोघांच्या हातांच्या मापानं करून दिली, हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

गॉर्डन जेकब यांनी १९६९ मध्ये तीन हातांचा कॉन्चेर्टो लिहिला.

आणि माल्कम अर्नल्ड. बीबीसीनं प्रॉम्ससाठी मागवलेला त्यांचा दोन पियानो, तीन हात आणि वाद्यवृंदाचा कॉन्चेर्टो, ओपस (रचनाक्रमांक) १०४. १६ ऑगस्ट १९६९ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा वाजला, संचालन खुद्द अर्नल्ड यांचं. तीन भाग, सगळा मिळून पंधरा मिनिटांच्या आत. पहिल्या भागात ताण आहे, वाद्यवृंद अंगावर येतो. दुसऱ्यात एक साधी, हळवी चाल, जवळजवळ सिनेमातल्यासारखी. अर्नल्ड चित्रपटसंगीतात ऑस्कर मिळवलेले, त्यामुळे अशा चालीची त्यांना लाज वाटत नसे. आणि तिसरा भाग सरळ नाचाचा, रुम्बाच्या लयीत. आजारी माणसासाठी लिहिलेलं आहे अशी दया त्यात कुठेही नाही. डोळे मिटून ऐका, हात किती ते मोजायचं तुमच्या लक्षातही राहणार नाही.

सेलिक यांनी नवऱ्यासाठी आपली कारकीर्द सोडली का?

असं सरसकट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या उत्तम एकल वादक होत्या. विल्यम वॉल्टन यांच्या ‘सिन्फोनिया कॉन्चेर्टान्ते’ची १९४५ ची ध्वनिमुद्रिका ऐका. संचालन स्वतः वॉल्टन यांचं आणि पियानोवर सेलिक. १९५६ नंतरही त्यांचे दोन्ही हात शाबूत होते आणि एकट्यानं वाजवण्याची वाट मोकळी होती. त्यांनी बहुतांश वेळ जोडीला दिला, हे खरं.

पण त्या जोडीत आता त्या साथीदार राहिल्या नव्हत्या. तीन हातांतले दोन त्यांचे. खर्ज त्यांचा, मधली वीण त्यांची, लयीचा पाया त्यांचा. नाव मात्र नेहमी ‘स्मिथ आणि सेलिक’ असंच छापलं जाई, आणि लेखांत सगळी सहानुभूती स्मिथ यांच्या हाताकडे जाई. ही गोष्ट सांगताना मी म्हणूनच मुलांना नेहमी विचारते, की जास्त अवघड काम कोणाकडे होतं?

डेव्हिड हेल्फगॉट यांचे गुरू हेच का?

हो. ऑस्ट्रेलियाचे पियानोवादक हेल्फगॉट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉयल कॉलेजमध्ये स्मिथ यांच्याकडे शिकले. त्यांच्या आयुष्यावर १९९६ मध्ये ‘शाइन’ हा चित्रपट आला. त्यात जॉन गिलगुड यांनी रंगवलेले प्राध्यापक सेसिल पार्क्स हे पात्र स्मिथ यांच्यावरूनच घेतलेलं आहे. स्मिथ १९३४ पासून त्या कॉलेजात शिकवत होते. सेलिक यांनीही तिथे अनेक वर्षं शिकवलं.

यशस्वी जोडीसाठी नवरा-बायको किंवा भावंडं असावंच लागतं का?

लागतंच असं नाही, पण उदाहरणं तशीच जास्त दिसतात. एथेल बार्टलेट आणि रे रॉबर्टसन, व्हित्या व्ह्रॉन्स्की आणि व्हिक्टर बाबिन ही जोडपी. जर्मनीचे कॉन्टार्स्की बंधू, फ्रान्सच्या कातिया आणि मारिएल लाबेक या बहिणी. कारण फार व्यवहारी आहे. जोडीला रोज एकत्र बसावं लागतं, आणि दोन पियानो ठेवायला एकच घर असलं तर बरं.

पेटी वाजवणारे एकाच हातानं वाजवतात. मग यात एवढं काय?

हा प्रश्न एका पेटीवादक काकांनी विचारला आणि मला फार आवडला. खरंच, हातपेटीवर डावा हात भात्यावर आणि वाजवणारा एकच हात. त्या एका हातात आपले वादक मींड सोडून गळ्यातलं जवळजवळ सगळं काढतात. संगीत नाटकांच्या काळातल्या पायपेटीवर भाता पायांकडे गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले.

फरक संगीताच्या घडणीत आहे. आपल्याकडे एका वेळी मुख्यतः एकच स्वरवाक्य चालतं, खाली षड्ज-पंचमाची आस असते. ती तंबोरा धरतो. पियानोच्या संगीतात चार-पाच स्वरवाक्यं एकाच वेळी चालतात आणि खालचा खर्ज सतत बदलत असतो. त्यालाच अर्थ असतो. म्हणून पेटीवाल्याला एक हात पुरतो आणि पियानोवाल्याचा एक हात गेला की इमारतीचा तळमजलाच जातो. काकांना हे पटलं. म्हणाले, “म्हणजे त्या बाई त्यांचा तंबोराही आणि दुसरी पेटीही.”

शेवटची वर्षं कशी गेली?

१९७१ मध्ये दोघांनाही ओबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. स्मिथ २ ऑगस्ट १९७४ ला लंडनमधल्या ईस्ट शीन इथल्या घरी गेले, पासष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना. सेलिक त्यांच्या मागे जवळजवळ तेहेतीस वर्षं होत्या. २६ मे २००७ ला, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

सुरुवात कुठून करू? काय ऐकू?

आधी चार हातांचं ऐका. रॅखमनिनॉव्हच्या दोन पियानोंसाठीच्या दुसऱ्या स्वीटची (अनेक भागांच्या रचनेची) त्यांची मुद्रिका घ्या, ओपस १७. त्यातला वॉल्ट्झ ऐकताना दोन पियानो कुठे वेगळे होतात ते शोधायचा प्रयत्न करा. मग एकेकट्याचं: स्मिथ यांचा रॅखमनिनॉव्हचा दुसरा कॉन्चेर्टो, सेलिक यांचा टिपेट सोनाटा. दोघांच्या सुरातला फरक ओळखता यायला हवा. स्मिथ यांचा भरदार, सेलिक यांचा स्वच्छ आणि हलका. जुन्या मुद्रणांत खरखर आहे, तिला घाबरू नका, दोन मिनिटांत कान सरावतो. आणि मग शेवटी अर्नल्डचा कॉन्चेर्टो, सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर अर्नल्ड यांनीच संचालन केलेला.

हा क्रम उलटा करू नका. हाताची गोष्ट आधी कळली की माणूस दयेनं ऐकतो, आणि या दोघांना ते नको होतं असं त्यांच्या वाजवण्यावरून तरी वाटतं.

घरी तीन हातांनी वाजवून बघता येईल का?

जरूर बघा. एकाच पियानोवर किंवा साध्या कीबोर्डवरही जमतं. चार हातांचं सोपं काहीही घ्या. ज्याचा डावा हात सुट्टीवर आहे त्यानं उजवीकडे, वरच्या सप्तकांपाशी बसायचं आणि तो हात मांडीवर ठेवायचा, पाठीमागे नाही, तोल जातो. पेडल डावीकडच्यानं सांभाळायचं, कारण खर्ज त्याच्याकडे. आधी एक ओळ चार हातांची जशीच्या तशी वाजवा, मग कोणता सूर गेला तर चालेल ते पेन्सिलीनं खूण करून ठरवा. पेनानं नको. खुणा दहा वेळा बदलतात.

आम्ही दोघींनी त्या सहा आठवड्यांत एक छोटं ड्युएट असं बसवलं. प्लास्टर निघाल्यावर तेच चार हातांनी वाजवायला घेतलं, तर तिचा डावा हात पट्ट्यांवर आला आणि थबकला. त्याच्या वाटणीचे सूर तोवर माझ्या हातात बसले होते. ते मला तिला परत द्यायला अजून दोन आठवडे लागले.